कपाटाची किल्ली

मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण मिळण्याचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. प्रत्येक शाळेत काय काय असलेच पाहिजे, याची यादी त्या कायद्याच्या परिशिष्टात दिली आहे. तीत वर्गखोल्या आहेत, पिण्याचे पाणी आहे, खेळाचे मैदान आहे, आणि त्यांच्याच रांगेत ग्रंथालयही आहे. वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांवरील पुस्तके व गोष्टींची पुस्तके या ग्रंथालयात असली पाहिजेत, असे कायदा सांगतो. गोष्टींच्या पुस्तकांचा इतका स्पष्ट उल्लेख करण्याची रसिकता कायदेमंडळाने दाखविली, याबद्दल त्याचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु कायद्याचा शब्द आणि मुलाचा हात यांच्यामध्ये पुष्कळ ठिकाणी एक कुलूप आहे. त्या कुलुपाविषयी आज आम्हांस दोन शब्द लिहावयाचे आहेत.

काही दिवसांपूर्वी एका शाळेच्या बक्षीससमारंभास जाण्याचा आम्हांस योग आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचे एक सुरेख कपाट होते व त्यात तीनचारशे पुस्तके नीट मांडलेली होती. पुस्तके नवी दिसत होती; परंतु त्यांवर छापलेली साले पाहता ती नवी नव्हती, केवळ कोणाच्या हाताळण्यात आलेली नव्हती, हे ध्यानात आले. मुलांस ही केव्हा वाचावयास मिळतात, असे आम्ही सहज विचारले. मुख्याध्यापक प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. ते म्हणाले, “साहेब, या पुस्तकांची नोंद टेबलखुर्च्यांबरोबर जडवस्तूंच्या वहीत आहे. एक पुस्तक कमी भरले तर जाब मला द्यावा लागतो. कपाट बंद असले म्हणजे हिशेब बरोबर राहतो.”

या उत्तरात त्या गृहस्थांचा दोष आम्हांस फारसा दिसत नाही. फाटलेल्या पुस्तकाबद्दल ज्याला जाब द्यावा लागतो आणि न वाचलेल्या पुस्तकाबद्दल ज्याला कोणीही काही विचारीत नाही, तो मनुष्य कुलूपच लावणार. दोष आहे तो हिशेबाच्या पद्धतीत. आणि या पद्धतीने होणारे नुकसान पुस्तकाच्या किमतीइतकेच असते तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. वाचनाने मुलास परीक्षेत चार गुण अधिक मिळतात, भाषा सुधारते, हे खरेच आहे; तथापि वाचनाचे मुख्य कार्य त्याहून खोल आहे. आपण कोण, आपले पूर्वज कोण, आपणांस काय होता येईल, या प्रश्नांची उत्तरे मुलास प्रथम घर देते, नंतर गाव देतो. ती उत्तरे अपुरी असतील, अन्यायाची असतील, तर त्यांहून निराळे उत्तर त्याला कोठे मिळणार? बहुधा एखाद्या पुस्तकातच.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच प्रांतातील आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याला संस्कृत शिकावयाचे होते. परंतु अस्पृश्य म्हणून ते त्याला नाकारले गेले व त्याने फारसी भाषा घेतली. म्हणजे ज्या ग्रंथांच्या आधाराने त्याला हीन ठरविले होते, ते ग्रंथ स्वतः वाचून पाहण्याचा मार्गही शाळेने त्याला बंद केला. या मुलास शाळेबाहेर बसून एकाग्रतेने वाचताना एका शिक्षकाने पाहिले. ते शिक्षक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळूसकर. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढविली, वाचावयास पुस्तके दिली. पुढे हा मुलगा परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा त्याच्या गौरवार्थ सभा भरली, आणि तीत केळूसकरांनी आपण स्वतः मराठीत लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याच्या हाती ठेवले.

त्या पुस्तकाने आपल्या मनावर किती खोल परिणाम केला, हे डॉ. आंबेडकरांनी एप्रिल १९५६ मध्ये, आपल्या बुद्धविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत, स्वतःच नमूद करून ठेवले आहे. त्यांचे वडील घरी मुलांकडून रामायण-महाभारत वाचवून घेत असत. बुद्धचरित्र वाचल्यावर या मुलाने वडिलांस विचारले की, आम्हांस बौद्ध वाङ्मयाचा परिचय का करून दिला नाही? या प्रश्नाचे महत्त्व वाचकांनी ओळखावे. आपणांस वाचावयास काय दिले आणि काय दिले नाही, असे जो मुलगा विचारू लागतो, त्याला स्वतःचे मन प्राप्त झाले असे समजावे. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. या घटनेमागे अनेक वर्षांचा अभ्यास, अनुभव व संघर्ष होता; एका पुस्तकाने ती घडविली असे म्हणणे पोरकटपणाचे होईल. परंतु त्या दीर्घ मार्गाच्या आरंभी एक मराठी पुस्तक होते, आणि ते कपाटात नव्हते, एका शिक्षकाच्या हातातून विद्यार्थ्याच्या हातात गेले होते, ही गोष्ट कोणीही नाकारू शकणार नाही.

हेच केळूसकर पुढे या विद्यार्थ्यास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि त्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली बडोद्याच्याच साह्याने आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ज्या राजाने हे साह्य केले त्याची स्वतःची कथाही या विषयास सोडून नाही. सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणा या खेड्यातील शेतकऱ्याच्या घरचे. १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते आणि त्यांचे शिक्षण खऱ्या अर्थाने त्यानंतरच सुरू झाले. अक्षर उशिरा भेटलेल्या या मनुष्यास अक्षराची किंमत अधिक कळली असावी. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात व १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्याच सुमारास, १९११ साली, नामदार गोखले यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असेच विधेयक मांडले. सरकारने व सरकारधार्जिण्या सभासदांनी ते १९१२ साली हाणून पाडले. परकीय राज्यकर्त्यांस जे परवडत नव्हते ते एका देशी संस्थानास परवडले, हे विसरता कामा नये.

परंतु महाराज शाळेपाशीच थांबले नाहीत. शाळेत शिकलेले अक्षर वाचावयास काही मिळाले नाही तर मनुष्य विसरतो, हे त्यांनी जाणले होते. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले, बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय स्थापिले, आणि गावोगावी वाचनालये काढली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. एका गावचे वाचून झाले की पेटी पुढे जाई. खर्चाची रीतही व्यापारी वाचकांस आवडेल अशी होती. लोकांनी जितकी वर्गणी जमवावी, तितकीच भर स्थानिक मंडळाने व तितकीच सरकारने घालावी. यामुळे वाचनालय हे सरकारचे दान न राहता गावाचे स्वतःचे झाले. पेट्या प्रवासाला निघाल्या म्हणजे त्यांतील काही पुस्तके फाटणार, काही हरवणार, हे त्या राजास कळत नव्हते काय? कळत होते; आणि तरीही पेट्या निघाल्या.

आता दुसरी बाजू. मुलास पुस्तक मिळाले, परंतु त्यात त्याचे घर, त्याची भाषा, त्याच्या आईचे कष्ट यांचा मागमूसही नसला, तर ते मूल असे समजते की, छापण्यासारखे आयुष्य आपले नव्हे. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती मांग समाजातील, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेली. वय अवघे चौदाच्या आसपास. आणि विषय मांगमहारांच्या दुःखाचा. काही वर्षांचे शिक्षण मिळताच त्या मुलीने आपल्या लोकांची कैफियत स्वतः मांडली. तिला वकील लागला नाही. तसेच जळगावच्या बहिणाबाई चौधरी. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने व आप्तांनी त्यांच्या ओव्या लिहून घेतल्या, म्हणून त्या १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ शकल्या. खानदेशातील जे मूल शाळेत ‘अशुद्ध’ बोलते म्हणून हिणविले जाते, त्याने ते पुस्तक उघडावे म्हणजे आपल्या आजीची बोली छापील अक्षरांत त्याला भेटते. अशा मुलाची मान थोडी वर होते. आणि मान वर झालेले मूल प्रमाण मराठीही अधिक आनंदाने शिकते. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु भाषेचा मान राजपत्रात राहतो त्याहून अधिक काळ तो मुलांच्या वाचनात राहतो.

आजची स्थिती काय आहे? ‘असर’ या पाहणीच्या २०२४ सालच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत असलेल्या मुलांपैकी निम्म्याहूनही कमी मुलांस दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता आला. या मुलांस आणखी एक परीक्षा नको आहे. त्यांस सोपी, चित्रांची, हसविणारी पुस्तके, आणि चुकत चुकत वाचण्यास निर्भय वेळ हवा आहे. शहरांतील सार्वजनिक वाचनालयांकडे पाहावे तर सकाळी वर्तमानपत्रांभोवती वृद्ध मंडळी दिसतात आणि अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षांचे विद्यार्थी स्वतःची पुस्तके आणून बसतात. दोघांचेही तेथे स्वागतच आहे. परंतु दहा वर्षांचे मूल तेथे क्वचितच दिसते.

कोणी म्हणेल, आता मुलांच्या हाती मोबाईल आला. पुस्तकांचे दिवस गेले. आमचे उत्तर असे की, मोबाईलवरही चांगले वाचता येते, पण काय वाचावे हे त्या मुलास सांगणारे केळूसकर त्या यंत्रात नसतात. कोणी म्हणेल, मुले पुस्तके फाडतात. फाडतात खरी. व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो की, दुकानातील माल तुटेफुटेल म्हणून आपण दुकान बंद ठेवता काय? तूट धरूनच व्यवहार बसविला जातो. पाच वर्षे कपाटात पडून राहिलेला माल मात्र आपण नफ्यात धरीत नाही.

यास्तव आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, शिक्षणखात्याने स्पष्ट आज्ञा काढावी की, वाचनाने झिजलेले वा हरवलेले पुस्तक ठरावीक मर्यादेपर्यंत रीतसर निर्लेखित करता येईल व त्याचा भुर्दंड शिक्षकावर पडणार नाही. दुसरी, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने ‘पुस्तके किती आहेत’ हे विचारण्यापूर्वी ‘गेल्या महिन्यात किती घरी गेली’ हे विचारावे. तिसरी, आठवड्यातील निदान दोन तास निव्वळ वाचनासाठी असावेत आणि त्यांवर प्रश्नोत्तरे नसावीत. चौथी, देवघेवीची वही व कपाटाची किल्ली वरच्या वर्गातील दोन मुलांकडे सोपवावी. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो ते मूल तो विश्वास सहसा मोडीत नाही.

पाचवी सूचना आमच्या नगरवासी वाचकांसाठी आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला व त्यानुसार मान्य वाचनालयांस अनुदान मिळते. परंतु वाचनालये काही त्या कायद्याने जन्मास आली नाहीत. ठाण्यास १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मुंबईस १८९८ साली तेथील मराठीप्रेमी नागरिकांनी मराठी ग्रंथसंग्रहालये काढली तेव्हा अनुदानाची वाट पाहिली नव्हती. आज प्रत्येक सुखवस्तू कुटुंबाने आपल्या वर्गणीबरोबर आणखी एका मुलाची वर्गणी भरावी. ते मूल दुकानातील हमालाचे असेल, घरी भांडी घासणाऱ्या बाईचे असेल. आणि केवळ पावती फाडून न थांबता एकदा त्याला हाताशी धरून वाचनालयात न्यावे; कारण त्या उंबरठ्याआत आपणांस मज्जाव नाही, हे त्याला कोणीतरी प्रत्यक्ष दाखवावे लागते.

ज्या शाळेचा उल्लेख आम्ही आरंभी केला, तेथील मुख्याध्यापकांस निरोप घेताना आम्ही एवढेच म्हटले की, एका महिन्यापुरते कपाट उघडे ठेवून पाहावे, तूट आली तर ती आम्ही भरून देऊ. त्यांनी ते मान्य केले आहे. महिना अखेरीस काय हिशेब निघतो, तो याच स्तंभात वाचकांपुढे ठेवू.