सिगविनमधील सामायिक लायब्ररी आणि शून्याचे दोन अर्थ

एखाद्या संहितासंचयात विशिष्ट रूप किती वेळा येते हे संगणकाकडून मोजून घेताना उत्तर शून्य आले, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. एक, ते रूप तेथे खरोखरच नाही. दुसरा, ते शोधणारा प्रोग्रॅम मुळी सुरूच झाला नाही. विंडोजवर युनिक्ससदृश वातावरण पुरविणाऱ्या सिगविन ह्या प्रणालीत दुसरी शक्यता ध्यानी ठेवणे अगत्याचे होय.

१९९५ साली सिग्नस कंपनीत आरंभ झालेल्या ह्या प्रणालीतील बहुतेक प्रोग्रॅम स्वयंपूर्ण नसतात. अनेकांस लागणारी कार्ये सामायिक लायब्रऱ्यांत, म्हणजे डीएलएल फायलींत, साठविलेली असतात; ‘सिगविन१.डीएलएल’ ही त्या सर्वांचा आधार आहे. विंडोज त्यांचा शोध प्रथम प्रोग्रॅमच्या फोल्डरात, पुढे स्वतःच्या फोल्डरांत आणि अखेरीस ‘पाथ’ ह्या यादीतील स्थळी घेते. एखादी लायब्ररी न सापडल्यास प्रोग्रॅम आरंभीच थांबतो. त्याचे फलित पाइपद्वारा ओळी मोजणाऱ्या प्रोग्रॅमकडे जावयाचे असेल, तर त्याच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही व तो बिनचूकपणे शून्य छापतो. बॅश सामान्यतः पाइपमधील शेवटच्याच प्रोग्रॅमचा निर्गमांक कळविते. त्यामुळे मूळ दोष झाकला जातो.

यास्तव संशयित प्रोग्रॅम प्रथम एकटा चालवून त्याचा निर्गमांक पाहावा. ‘ग्रेप’ रूप आढळल्यास ०, न आढळल्यास १ व त्रुटी असल्यास २ हा अंक देतो. १२७ हा अंक मिळाल्यास प्रोग्रॅम अथवा त्याची लायब्ररी सापडली नाही असे समजावे. त्यानंतर ‘सिगचेक’ ह्या साधनास प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यावा. कोणती लायब्ररी कोणत्या लायब्ररीवर अवलंबून आहे आणि कोणती गहाळ आहे, हे ते क्रमवार दाखविते.

गहाळ फाइल अन्यत्रून उचलून आणणे इष्ट नव्हे. तिची आवृत्ती इतरांशी जुळेलच असे नाही. ती ज्या पॅकेजात येते, ते सिगविनच्या स्थापनाप्रोग्रॅमद्वारा पुन्हा बसवावे. अन्य सॉफ्टवेअरने सोबत आणलेली ‘सिगविन१.डीएलएल’ची दुसरी प्रत ‘पाथ’मध्ये आढळल्यास तिचे स्थळ यादीतून वगळावे, दोन भिन्न आवृत्त्या एकत्र नांदत नाहीत.

शेवटी, संहितेत निश्चितपणे असलेले एखादे रूप त्याच आज्ञेने शोधून पाहावे. ते सापडले, तरच आधीचे शून्य भाषेविषयीचे विधान ठरते.