उंचीचे भय
पेणजवळच्या सांकशी किल्ल्यावर कातळात खोदलेल्या खोबण्या धरून चढावे लागते. तेथे बर्फ नसतो. परंतु पावसाळ्यात शेवाळलेला कातळ तितकाच निसरडा होतो. अशा ठिकाणी एखाद्याचे पाय लटपटले, तर त्याची थट्टा करणे अन्यायाचे होय. शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय यांच्या साहाय्याने राखला जातो. समोर खोल दरी पसरली, की दृष्टीला जवळची स्थिर वस्तू सापडत नाही आणि शरीर झुलू लागते. रोह्याजवळच्या अवचितगडाची वाट दाट झाडीतून जाते. तेथे दरी झाडांआड राहते, म्हणून भय कमी वाटते. सांकशीवर ही सोय नाही. तेथे नवख्याने नजर हाताजवळच्या दगडावर ठेवावी. दोन हात व दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावा. उतरतानाही तोंड कातळाकडेच असावे, म्हणजे हातांची पकड सुटत नाही.