महानगराच्या वेशीवरील चिमणी आणि नागरिकांचे विज्ञान

चिमण्या देशभरातून नाहीशा होत आहेत, असा समज रूढ झाला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयक अहवालाने वेगळे चित्र मांडले. त्यापूर्वीच्या सुमारे २५ वर्षांत देशातील चिमण्यांचे प्रमाण एकंदरीत स्थिर राहिले. कोलकाता, मुंबईसह सहा महानगरांत मात्र ते हळूहळू घटल्याचे आढळले.

हा अहवाल १५ हजार ५०० हून अधिक पक्षीनिरीक्षकांनी 'ई-बर्ड' या संगणकीय नोंदवहीत केलेल्या १ कोटीहून अधिक नोंदींवर आधारलेला होता. २०२३ च्या अहवालासाठी अशा नोंदींची संख्या सुमारे ३ कोटींवर पोहोचली.

निरीक्षकाने ठरावीक वेळेत ओळखता आलेला प्रत्येक पक्षी नोंदवणे अपेक्षित असते. यादी पूर्ण असल्यास न दिसलेला पक्षीही माहिती देतो. दर १०० याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे, यावरून तिचे प्रमाण वर्षानुवर्षे ताडून पाहता येते. असाधारण नोंदी स्थानिक जाणकार स्वयंसेवक तपासतात.

कोलकात्याच्या नैऋत्येस हुगळीकाठी वसलेले बजबज या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. ताग गिरण्या आणि तेलसाठ्यांचे हे गाव महानगर व ग्रामीण भाग यांच्या वेशीवर आहे. महानगरातील घट बाहेर सरकते आहे काय, हे अशाच ठिकाणच्या सातत्यपूर्ण याद्यांतून कळू शकते. दुर्मीळ पक्ष्याची नोंद उत्साहाने होते. चिमणी, कावळा, साळुंकी नेहमीचेच म्हणून वगळले जातात. मात्र घट वेळीच ध्यानात येण्यासाठी त्यांचीच नोंद आवश्यक असते.