तार, ताव आणि जंत्री

दागिना हातात घेतला की आपण नक्षी बघतो, खडा बघतो, वजन विचारतो. तारेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण साखळीची कडी, नथीचा आकडा, बांगडीच्या कडेची पिळाची किनार, हे सगळं आधी तारच असतं. आणि हाताने काम करणाऱ्या सोनाराकडे ती तार जंत्रीतून निघते.

जंत्री म्हणजे पोलादाची जाड पट्टी. तिला ओळीने लहान लहान होत जाणारी भोकं असतात. भोक नीट न्याहाळलं तर एका बाजूने रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळतं दिसतं. तारेचं टोक कानशीने बारीक करायचं, तारेला मेण लावायचं, रुंद बाजूने टोक आत घालायचं आणि पलीकडून सांडशीत धरून एका दमात ओढायचं. मधे थांबलं की तारेवर वळ उठतो. यात धातू कापला जात नाही, फक्त लांबतो. जाडी निम्मी झाली की लांबी चौपट. २ मिलिमीटर जाडीची १० सेंटिमीटरची काडी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ओढली, की तिची १६० सेंटिमीटर तार होते.

जंत्री नव्हती तेव्हाही तार होतीच. सोन्याची पातळ पट्टी कापून ती पिळत आणि लाटत. अशा प्राचीन तारेवर भिंगाखाली मळसूत्रासारखी फिरत जाणारी शिवण दिसते. ओढलेल्या तारेवर लांबीच्या दिशेने सरळ रेघा दिसतात. जुन्या दागिन्यांचे अभ्यासक या खुणा आवर्जून तपासतात.

खरं कौशल्य ओढण्यापेक्षा थांबण्यात आहे. प्रत्येक ओढीबरोबर धातू कडक होत जातो. हाताला ताण जाणवू लागला की तार आगीवर धरून ताव द्यायचा, म्हणजे ती पुन्हा नरम होते. ९२.५ टक्के चांदीला साधारण ६०० ते ६५० अंश सेल्सियस पुरतात. तेवढ्या तापमानाला येणारा मंद लालसर रंग उन्हात दिसत नाही, म्हणून हे काम अंधाऱ्या कोपऱ्यात केलेलं बरं. ताव कमी पडला तर तार तुटते, जास्त झाला तर वितळून तिचा गोळा होतो. बाजारात हव्या त्या गेजची तयार तार मिळते आणि ती वापरण्यात काहीच गैर नाही. तरीही शिकणाऱ्याने निदान एक तार स्वतः ओढावी, असं मला मनापासून वाटतं. धातू कधी थकतो हे हाताला तिथेच कळतं.

पुढचं काम पकडींचं. गोल तोंडाच्या पकडीचे जबडे टोकाकडे निमुळते असतात. टोकाशी वळवलेला फासा लहान होतो, मुळाशी वळवलेला मोठा. सगळे फासे सारखे हवे असतील तर जबड्यावर शाईची खूण करून नेमकी तिथेच तार धरायची. कड्यांसाठी तार सळईवर गुंडाळतात आणि बारीक करवतीने कापतात. सोडल्यावर तार थोडी उलगडते, म्हणून सळई हव्या त्या मापापेक्षा किंचित बारीक घ्यायची. कडी उघडताना टोकं एकमेकांपासून दूर ओढायची नाहीत, एक पुढे आणि एक मागे सरकवायचं. नाहीतर तिचा गोल पुन्हा जुळत नाही.

तारेचा सर्वांत नाजूक खेळ पाहावा तो ओडिशातल्या कटकला. तिथल्या रूपा तारकशीला, म्हणजे चांदीच्या तारेच्या नक्षीकामाला, २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन केसासारख्या तारा एकत्र पिळून चपट्या करतात, त्यामुळे कडेवर बारीक दाते उमटतात आणि प्रकाश त्या दात्यांवर फुटतो. जाड तारेच्या चौकटीत या तारेची वेटोळी भरायची, त्यांवर टाकणखार आणि झाळायच्या धातूचा कीस भुरभुरायचा आणि ज्योत फिरवायची. चौकट तापायला वेळ लागतो, आतली बारीक तार मात्र क्षणात तापते; ज्योत एका जागी रेंगाळली की नक्षी गेलीच.

आपली मोत्यांची नथ याच्या अगदी उलट. मोत्याला आगीचं वावडं, त्यामुळे मोती चढल्यावर झाळकाम करता येत नाही. मोती बसवण्याचं सगळं काम थंड तारेने, वेढे देऊन आणि पिळून करावं लागतं. नथ घेताना ती उलटी करून मागून बोट फिरवावं. तारेची टोकं आत वळवलेली असली पाहिजेत. एखादं टोक बोचलं, तर दुकानातून निघण्याआधीच कारागिराकडून ते आत दाबून घ्यावं.