इंधनाची काटकसर आणि रस्त्याचें ऋण

कोणतीही वस्तु महागली म्हणजे घरांत तिची काटकसर सुरू होते, आणि ती योग्यच होय. परंतु काटकसर दोन प्रकारची असते. एकींत खर्च खरोखर कमी होतो. दुसरींत तो कमी न होतां केवळ दुसऱ्याच्या माथीं जातो. पेट्रोल व डिझेल यांच्या महागाईनें हे दोन्ही प्रकार आमच्या खानदेशांत नित्य दृष्टीस पडतात. त्यांतील पहिला कोणता व दुसरा कोणता, हें घरांतील वडील माणसांनीं आणि गाडी हांकणाऱ्या तरुणांनीं एकत्र बसून समजून घ्यावें, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

ही महागाई आजची नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारी आपल्या प्रांतांत धांवत असत. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा रोखला, व कांहीं महिन्यांत खनिज तेलाचा भाव सुमारें चौपट झाला. पुढें २०१० सालीं पेट्रोलचे आणि २०१४ सालीं डिझेलचे दर सरकारी नियंत्रणांतून मोकळे झाले. जून २०१७ पासून ते रोज ठरूं लागले. आणि मे २०२१ मध्यें मुंबईंत पेट्रोलनें लिटरमागें शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली. अशा प्रत्येक प्रसंगीं माणसानें गाडी चालविण्याची आपली रीत थोडीबहुत बदलली आहे.

प्रथम खरी काटकसर पाहूं. तिचें मुख्य साधन म्हणजे वेगाचा संयम. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणून ताशीं साठ किलोमीटरांऐवजीं नव्वदांनीं गाडी पिटाळली, तर तो विरोध दीडपट न होतां सव्वादोनपट होतो. अमेरिकेनें जानेवारी १९७४ च्या कायद्यानें वेगाची मर्यादा ताशीं ५५ मैल, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटर, ठरविली ती इंधन वांचविण्यासाठीं. परंतु १९७३ सालीं तेथें रस्त्यांवर सुमारें ५४ हजार माणसें मृत्यु पावलीं होतीं, ती संख्या १९७४ सालीं सुमारें ४५ हजारांवर आली. त्या वर्षीं लोकांचा प्रवासही घटला होता, हें खरें. तरी मंद वेगाचा त्यांत मोठा वांटा होता, याविषयीं शंका नाहीं. पैसा वांचविण्यास निघालेल्या राष्ट्राच्या पदरीं माणसें वांचल्याचें पुण्य पडलें.

दुसरें साधन चाकांतील हवेचें. हवा कमी असलेलें चाक जड चालतें व अधिक तेल खातें. शिवाय आमच्याकडील वैशाखाच्या उन्हांत तें तापून फुटण्याचें भय वेगळेंच. ही हवा सकाळीं, चाक थंड असतां, मोजून घ्यावी. तिसरें साधन एकत्र कुटुंबास विशेष सोयीचें आहे. एकाच घरांतून एकानें बँकेंत, दुसऱ्यानें मंडईंत व तिसऱ्यानें औषधांच्या दुकानांत वेगवेगळ्या गाड्यांवर जाण्यापेक्षां एकानेंच तिन्ही कामें उरकावीं. जळगांवाहून भुसावळास जावयाचें असतां आगगाडीचाही विचार करावा.

आतां खोटी काटकसर. तिचा पहिला नमुना घाटांत दिसतो. कन्नडकडून चाळीसगांवकडे औट्रम घाट उतरतांना इंजिन बंद करून अथवा गाडी न्यूट्रलमध्यें टाकून ती घरंगळत सोडण्याची खोड पुष्कळांस असते. इंजिन बंद झालें म्हणजे ब्रेकला मिळणारें साहाय्य सरतें, सुकाणूचें चाक जड होतें, आणि गाडी आंवरणारा इंजिनाचा रोधही नाहींसा होतो. विशेष हें कीं, आजकालच्या मोटारी गिअरमध्यें ठेवून प्रवेगक न दाबतां उतारावर चालविल्या, तर इंजिनाकडे जाणारें इंधन यंत्र स्वतःच थांबवितें. म्हणजे न्यूट्रलमध्यें वांचत कांहींच नाहीं, जीव मात्र पणाला लागतो. घरांतील मुलांस ही गोष्ट अवश्य सांगावी.

दुसरा नमुना अधिक व्यापक आहे. धुळें येथें मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. दुसरा पुढें पारोळा, एरंडोल, जळगांव, भुसावळ असा जातो. रावेर-यावलकडील केळीं उत्तरेस जातात तीं रस्त्यानेंही, आणि कापूस, सिमेंट, लोखंड यांची ये-जा अखंड चालू असते. डिझेल महागलें म्हणजे दोन खेपांचा माल दीड खेपेंत नेण्याचा मोह होतो. मालकाचें डिझेल वांचतें. पण तें कोणाच्या जिवावर? अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत १९५८ ते १९६० या काळांत झालेल्या प्रयोगांतून असें दिसून आलें कीं, रस्त्याची झीज आंसावरील भाराच्या साधारण चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट! आपल्या सरकारनें २०१८ सालीं चार चाकांच्या एका आंसावरील कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. ही वाढ तेरा टक्क्यांहून कमी. परंतु याच नियमानें हिशेब केल्यास झीज सुमारें १.६ पट होते. मग कायदा मोडून लादलेल्या मालाची गोष्ट काय बोलावी?

येथें रस्त्याच्या बाजूचाही विचार केला पाहिजे, कारण त्याच्यावर महागाईचे आघात तीन दिशांनीं होतात. पहिला या भाराचा. दुसरा डांबराचा, डांबर हें खनिज तेलाच्या शुद्धीकरणांतूनच निघतें, त्यामुळें तेल महागलें कीं बहुधा रस्त्याचें औषधही महागतें. तिसरा आघात उत्पन्नाचा. रस्ता वापरणारानेंच त्याची निगा राखण्याचें द्रव्य द्यावें, हें तत्त्व बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या समितीनें १९२८ सालीं पुरस्कारिलें, आणि १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागें दोन आणे रस्त्यांसाठीं वेगळे निघूं लागले. पुढें २००० सालीं केंद्रीय रस्ता निधीचा स्वतंत्र कायदा झाला. २०१८ पासून त्या निधींत इतर पायाभूत कामेंही वांटेकरी झालीं. हा उपकर लिटरमागें ठरलेला असल्यामुळें खनिज तेल महागल्यानें तो आपोआप वाढत नाहीं. उलट खप घटला तर तो घटतो. विजेवर चालणारी गाडी तर या मार्गानें एक पैही देत नाहीं, जरी तीही त्याच रस्त्यावर धांवते. अशा रीतीनें गरज वाढते आणि तिजोरी आटते.

त्यांत आमची भूमि तापीकांठची काळी. ती पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते, आणि तिच्याबरोबर वरचा रस्ताही उकलतो. खड्डा पडला कीं प्रत्येक वाहन वेग आंवरतें, पुनः वेग घेतें, आणि त्या उठाठेवींत अधिक तेल जाळतें. महागाईनें रस्ता बिघडतो आणि बिघडलेल्या रस्त्यानें महागाई अधिक जाणवते. हा बीजांकुरन्यायच म्हणावयाचा.

हें चक्र तोडण्यास केवळ सरकारास दोष देऊन भागणार नाहीं. तळें राखी तो पाणी चाखी, असें आपण म्हणतों. पण चाखणारानें राखावें, हेंही तितकेंच खरें आहे. रस्त्याचा मोठा शत्रु पाणी. शेतांत गाडी नेण्यासाठीं कडेचें गटार बुजविणें, केळीच्या बागेचें पाणी रस्त्यावर सोडणें, या गोष्टी आपल्याच हातून होतात व आपल्याच हातून बंद होतील. माल धाडणाऱ्या बागाईतदारानें व व्यापाऱ्यानें मोटारवाल्यास कायद्याबाहेरचा भार घेऊं न देणें, हेंही रस्ता राखणेंच होय. आणि प्रत्येक गांवानें ग्रामसभेंत, प्रत्येक शहरानें नगरपालिकेंत, मृग लागण्यापूर्वीं गटारें साफ झालीं कीं नाहीं व लहान खड्डे भरले कीं नाहीं, हा प्रश्न नेमानें विचारावा. चार टोपल्या खडी व थोडें डांबर चैत्रांत पुरतें. भाद्रपदांत तेथेंच सबंध तुकडा उखडून नवा करावा लागतो. ज्या घरांत तेलाचा हिशेब लिहिला जातो, त्या घरानें हा हिशेबही आपलाच समजावा, अशी आमची वाचकांस विनंति आहे.