मांसाकरिता घरगुती टर्कीपालन

हिंगोली जिल्ह्यात ज्या शेतकऱ्याच्या घरी मांसाहार चालतो, त्याच्या अंगणात चार-दोन गावरान कोंबड्या बहुधा असतातच. त्यांच्याच जोडीला दहा टर्की पक्षी सोडावेत, म्हणजे घरची सोय होऊन वरकड पक्षी विकता येतील, असा विचार मनात येणे साहजिक आहे. विचार वाईट नाही. परंतु ‘त्यांच्याच जोडीला’ ह्या दोन शब्दांतच सारा धोका साठलेला आहे.

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला पक्षी. पोर्तुगीज त्याला पेरू म्हणतात. इ. स. १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाच्या दरबारी आणलेल्या टर्कीचे मन्सूर चितारीने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. म्हणजे हा पक्षी आपल्या देशाला नवा नाही. मात्र त्याची जोपासना कोंबडीसारखीच करावयाची, ही समजूत चुकीची होय.

कोंबडीच्या आतड्यात एक बारीक कृमी असतो. त्याच्या अंड्यांतून हिस्टोमोनास नावाचा सूक्ष्म जीव विष्ठेवाटे जमिनीत उतरतो. ही अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात व गांडुळांच्या पोटातही राहतात. कोंबडीला ह्या जीवाचा फारसा उपद्रव होत नाही. ती धडधाकट दिसते. परंतु तोच जीव टर्कीच्या पोटात गेला म्हणजे ‘ब्लॅकहेड’ हा रोग जडतो. पक्षी मलूल होऊन पंख पाडतो, गंधकासारखी पिवळी हगवण लागते, काळजावर गोल डाग पडतात आणि कळपातील बरेच पक्षी दगावतात. अमेरिकेत ह्या रोगावरील शेवटचे मान्य औषध नायटार्सोन २०१५ साली बाजारातून काढून घेण्यात आले. ह्यावरून औषधावर विसंबण्यात अर्थ नाही, हे उघड आहे.

तेव्हा पहिला नियम हा की, टर्कीची जागा निराळी हवी, आणि तीही कोंबड्या पूर्वी न फिरलेली. भांडी वेगळी ठेवावीत. कोंबड्यांच्या खुराड्यातील पायताण टर्कीच्या आवारात नेऊ नये. खुडूक गावरान कोंबडीखाली टर्कीची अंडी बसविण्याची चाल आहे. ती उबविण्यास २८ दिवस लागतात. पिल्ले बाहेर पडताच त्याच दिवशी कोंबडीपासून तोडावीत. ती तिच्यामागे उकिरड्यावर फिरता कामा नयेत.

दुसरा कसोटीचा काळ म्हणजे पहिला महिना. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब द्यावी आणि पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंश कमी करीत जावे. टर्कीचे पिल्लू मंद असते. समोर दाणा-पाणी असूनही उपाशी मरते. म्हणून भांड्यांत रंगीत काचेच्या गोट्या ठेवाव्यात. त्यांवर चोच मारता मारता ते खाऊ-पिऊ लागते. दहा पिल्लांमागे रोज एक उकडलेले अंडे बारीक करून दिल्यास लाभ होतो. रानीखेत व देवी ह्यांच्या लसी पशुवैद्याच्या सल्ल्याने टोचून घ्याव्यात.

पहिल्या महिन्यात खाद्यात सुमारे २८ टक्के प्रथिने लागतात. सोयाबीन आपल्याकडे घरोघर पिकते. परंतु कच्चे सोयाबीन भरडून घालू नये. त्यातील एक द्रव्य प्रथिनांचे पचन रोखते. तेल काढून उरलेली, योग्य उष्णता दिलेली पेंड वापरावी. दोन महिन्यांनंतर पक्षी कुंपणातील चराईस सोडावेत. लसूणघासासारखा हिरवा चारा त्यांना मानवतो व दाण्याचा खर्च वाचतो. औषध फवारलेल्या कपाशीत मात्र सोडू नये. रात्रीसाठी पक्ष्यामागे चार चौरस फूट, म्हणजे दहा पक्ष्यांस पाच फूट रुंद व आठ फूट लांब असा बंदिस्त निवारा पुरे. मुंगूस व रानमांजर शिरणार नाही अशी जाळी हवी.

घरच्या खाण्यासाठी पिल्ले दिवाळीनंतर आणावीत. जमीन कोरडी असते आणि कडक उन्हाळ्यापूर्वी पक्षी तयार होतो. नाताळच्या गिऱ्हाइकासाठी पाळावयाचे तर पिल्ले जून-जुलैत हवीत. पण तेव्हा आपली काळी जमीन चिंब असते, म्हणून उंच कोरडी जोती व बदलता भुसा ह्यांची तयारी आधी करावी. एक किलो वजन वाढण्यास ढोबळ मानाने तीन किलो खाद्य लागते. हा हिशेब मांडून, गिऱ्हाईक ठरवून मगच पिल्ले विकत घ्यावीत.

सारांश, ज्याच्यापाशी कोंबड्यांचा पाय न लागलेली जागा आहे, त्याने दहा पिल्लांवर अनुभव घ्यावा. जागा नसेल तर टर्कीचा नाद सोडून गावरान कोंबड्याच वाढवाव्यात. त्यातच त्याचे हित आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.