चुना विझला आहे का?

नागपुरात घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न येतो तो रेतीचा. कन्हानच्या रेतीचा मान मोठा, पण ती मिळणार किती आणि केवढ्याला? नदीच्या पात्रातला रेतीचा थर पाणी धरून ठेवतो. तो खरवडला की काठच्या विहिरी आटतात. म्हणून गिलाव्यात रेतीऐवजी दुसरं काही चालेल का, याचा शोध विदर्भाला तरी निकडीचा आहे.

एक उत्तर पोलादाच्या भट्टीत आहे. टनभर पोलाद तयार होताना साधारण 150 ते 200 किलो स्लॅग, म्हणजे धातूची मळी, निघते. आपल्या पूर्वेला हावड्याच्या रेल्वेमार्गावर भिलाईचा कारखाना 1959 पासून धडधडतो आहे. गडचिरोलीत कोनसरीला नवा उभा राहतो आहे. ही मळी फोडून, तिच्यातलं लोखंड चुंबकानं काढून, चाळली की रेतीसारखी दिसते. कण टोकदार आणि खरबरीत असल्यानं सिमेंट त्यांना घट्ट धरतं. पण ती जड असते. नदीची रेती पाण्याच्या सुमारे 2.65 पट, तर ही मळी 3.2 ते 3.6 पट. शिवाय ती पाणी जास्त पिते. माल नीट पसरत नाही म्हणून मिस्त्रीनं वरून पाणी ओतलं, की ताकद गेलीच.

खरी गोम मात्र चुन्यात आहे. भट्टीत सिलिका आणि फॉस्फरस ओढून घ्यायला चुना टाकतात. त्यातला काही मोकळाच उरतो. हा कोरडा चुना गिलाव्यात गेला की हळूहळू पाणी घेतो आणि फुगून जवळपास दुप्पट होतो. भिंतीला फोड येतात, पापुद्रे सुटतात. मळीतला मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचं ऑक्साइड) तर याहून सावकाश, काही वेळा वर्षांनंतर फुगतो. तोवर रंगही देऊन झालेला असतो!

आपल्या जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होतं. कळीचा चुना आधी विझवायचा, हौदात मुरवायचा, मगच घाणीत मळायचा. स्लॅगचंही तसंच आहे: ढीग महिनोन्‌महिने उघड्यावर भिजत ठेवायचा किंवा वाफेनं मुरवायचा. मग फुगण्याची चाचणी घ्यायची.

भारतीय मानक आयएस 383 नं 2016 मध्ये काँक्रीटसाठी स्लॅगला सावध परवानगी दिली. साध्या काँक्रीटमध्ये रेतीच्या जागी 25 टक्क्यांपर्यंत पोलादाचा स्लॅग चालतो; सळईच्या काँक्रीटमध्ये अजिबात नाही. मला ही सावधगिरी योग्य वाटते. रस्त्याच्या कामात तो पुढे गेला आहे: मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल-इंदापूर टप्प्यात सुमारे एक किलोमीटरचा पट्टा स्लॅगचा आहे.

मात्र सगळा स्लॅग सारखा नसतो. जालन्याच्या सळई कारखान्यांतल्या इंडक्शन भट्ट्यांना आतून सिलिकाचं अस्तर असतं. त्यांच्या मळीत चुना कमी, पण लोखंडाचे कण राहिले तर भिंतीवर गंजाचे डाग उमटतात. त्यामुळे एका कारखान्याचा दाखला दुसऱ्याच्या मालाला लावू नये. नागपुरात व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. ढिगाढिगाची तपासणी, त्यातून झिरपणाऱ्या धातूंसकट, इथेच व्हायला हवी.

कुणी स्वस्तात स्लॅगची रेती आणून टाकली, तर घमेलं उचलण्याआधी विचारा: चुना विझला आहे का? आणि फुगण्याच्या चाचणीचा कागद मागून घ्या.